नावं संगणकानं गाळली

आमच्या भाचजावयांना आजवर कुणालाही तोंडावर 'नाही' म्हणता आलेलं नाही. दारावर कुणी काही विकायला आलं, की ते आतल्या खोलीत जातात आणि माझ्या भाचीला पुढे करतात. भाची घरी नसली, की ती वस्तू विकत घेतात. त्यामुळे त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. कुठल्याही घड्याळाला 'तुझं चुकतंय' असं सांगायची त्या घरात पद्धत नाही. माणूस स्वभावानं साखर. फक्त ती साखर आणायला दरवेळी दुसऱ्या कुणाला तरी दुकानात जावं लागतं.

त्यांची थोरली मुलगी कान तपासण्याच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर ती लोकांच्या कानाला यंत्र लावून 'ऐकू आलं की हात वर करा' असं सांगत असते, आणि घरी आल्यावर तिला मिक्सरचा आवाजही नकोसा होतो. लग्न ठरलं तेव्हा तिनं वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. लग्न छोटं करायचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर साठेक खुर्च्यांचा एक हॉल आहे, तो घ्यायचा, आणि आलेल्या प्रत्येकाशी नीट बसून बोलता येईल एवढीच माणसं बोलवायची. जावईबापू लगेच 'हो' म्हणाले. ते दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या महिन्याभरात इमारतीच्या वॉचमनपासून ऑफिसातल्या मोठ्या साहेबांपर्यंत ज्यानं ज्यानं 'मग, आम्हाला बोलावताय ना?' असं विचारलं, त्या प्रत्येकालाही ते 'हो' म्हणाले. यादी तीनशेच्या पुढे गेली. जावईबापूंना गणित येत नाही असं मुळीच नाही. उभी हयात त्यांनी आकडे तपासण्याच्याच नोकरीत घालवली आहे. पण आकडे रागावत नाहीत, माणसं रागावतात.

मी त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता शनिवारी सकाळी आसपासच्या मुलांना माझ्या बाहेरच्या खोलीत प्रोग्रॅमिंग शिकवते. दोन जुने संगणक आहेत, सहा मुलं आहेत आणि भांडणं पुष्कळ आहेत. त्यात जावईबापूंची धाकटी येते. अकरा वर्षांची. आम्ही तिला खोडरबर म्हणतो, कारण ती तीन अक्षरं लिहिते आणि चार पुसते. चुकलेलं तिला डोळ्यांसमोर नको असतं. हुशार मुलांचा हा दोष असतो आणि तो बरा व्हायला वेळ लागतो. मला घाई नसते.

त्या शनिवारी आम्ही यादीतून हवं ते निवडण्यापर्यंत पोचलो होतो. मी मुलांना सांगत होते, "यादी म्हणजे रांग. फंक्शन म्हणजे दाराशी उभा केलेला माणूस. तो रांगेतल्या एकेकाला एकच प्रश्न विचारतो. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. 'तसं बघायला गेलं तर' असं तिसरं उत्तर त्याच्याकडे नसतं. म्हणून प्रश्न आधी नीट ठरवायचा. आज फक्त प्रश्न लिहायला शिकू. 'हो' आलेल्यांचं पुढे काय करायचं ते पुढच्या शनिवारी."

जावईबापू धाकटीला न्यायला आले होते. दारात उभे राहून ते हे सगळं ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की मला वाटलं जिन्यातला दिवा लागला.

"मावशी, म्हणजे हे नावं आपोआप काढून टाकतं?"

"अट तुम्ही सांगायची."

"ते ठीक आहे हो. पण प्रत्यक्षात काढणार कोण? संगणकच ना?"

"हो, संगणकच."

"मग झालं," ते म्हणाले. "कुणी विचारलंच तर सांगता येईल. नावं संगणकानं गाळली, आम्ही काय करणार."

त्याच दुपारी बापलेक कामाला बसले. पुढे काय झालं ते मला धाकटीनं नंतर सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही. तेवढा तिला धीर नसतो.

"बाबा, अट सांगा."

"सोपी आहे. जवळची माणसं ठेवायची."

"जवळची म्हणजे किती किलोमीटर?"

"अगं, मनानं जवळची."

"ते यादीत कुठे लिहिलंय?"

जावईबापूंनी बराच विचार केला आणि मग त्यांना एक अट सापडली. गेल्या वर्षभरात जो आपल्या घरी येऊन गेला, तो जवळचा. जो आला नाही, तो गेला. ह्या अटीत एक मोठी सोय होती. त्यांचा धाकटा भाऊ वर्षभर घरी आला नव्हता. त्यानं नेलेली शिडी एक पायरी कमी होऊन परत आली होती, आणि ती पायरी आधीपासूनच नव्हती की नंतर गेली, ह्यावर दोघा भावांचं बोलणं थांबलं होतं. म्हणजे 'तुला बोलावत नाही' असं न म्हणता धाकटा भाऊ आपोआप बाहेर जाणार होता. विज्ञानाचे उपकार आणखी काय असतात?

धाकटीनं एकेक नाव टाइप केलं. शाळेतल्या शिस्तीप्रमाणे नवरा वेगळा, बायको वेगळी. प्रत्येक नावापुढे 'आले' किंवा 'नाही आले'. मग तिनं फंक्शन लिहिलं. प्रश्न कसा लिहायचा ते मी शिकवलंच होतं. पुढचं शिकायला तिनं शनिवारपर्यंत थांबायला हवं होतं, पण हॉलवाल्याला संध्याकाळपर्यंत आकडा हवा होता. म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यानं पुढचा भाग जोडला. रांगेतून एकेका नावाकडे जायचं, आणि उत्तर 'नाही' आलं की ते नाव तिथल्या तिथे पुसून टाकायचं. पुसण्यात तिचा हात कोण धरणार?

जिन्यात भेटले तेव्हा मी जावईबापूंना म्हणाले, "एकदा मला दाखवा, मग पुढचं करा."

"तुम्ही कशाला त्रास घेता, मावशी. यंत्र आहे. यंत्र थोडंच चुकतं?"

त्या संध्याकाळी त्यांनी दोन मजकूर तयार केले. राहिलेल्यांना एक: आपण अवश्य यावे, आपल्यावाचून कार्याला शोभा नाही. गळलेल्यांना दुसरा: विवाह अगदी घरगुती स्वरूपात होत आहे, तरी आपण जिथे आहात तिथूनच आशीर्वाद द्यावेत. राहिलेली नावं किती, हे पाहायला ते विसरले नव्हते. साठाहून पुष्कळ जास्त होती. पण संगणकानं निम्म्याच्या आसपास काम केलंय, बाकीचे काही लोक येणारच नाहीत, असा हिशेब करून त्यांनी दोन्ही मजकूर पाठवून दिले आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला तो ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या बायकोचा.

"तुमचा निरोप मिळाला हो," त्या म्हणाल्या. "मला 'अवश्य यावे' असा आलाय आणि ह्यांना 'तिथूनच आशीर्वाद द्यावेत' असा."

जावईबापूंनी चहा खाली ठेवला. "म्हणजे त्याचं असं झालं, मॅडम, की नावं संगणकानं..."

"नाही नाही, मी तक्रार करत नाहीये. इतक्या वर्षांत मला एकटीला कुणी बोलावलं नव्हतं. ह्यांना घरी जेवण झाकून ठेवून येते. ते तिथून आशीर्वाद देतील."

दुसरा फोन धाकट्या भावाचा. आधी नाक ओढल्याचा आवाज आला. "भाऊ, तू पहिलं पाऊल टाकलंस," तो म्हणाला. "माझी तर हिंमतच होत नव्हती. शिडीचं मनात ठेवू नकोस. मीही ठेवत नाही. आम्ही चौघं आदल्या दिवशीच येतो."

जावईबापू 'हो हो' म्हणाले. ह्या वेळी तर दुसरा इलाजच नव्हता.

तिसऱ्याला फोन करायची गरज पडली नाही. तो स्वतः आला. मोठे काका, म्हणजे जावईबापूंचे थोरले भाऊ, त्यांच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलाय आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर्षभर ते घरी आले नव्हते ते एवढ्याचसाठी. त्या दिवशी ते प्रत्येक वळणावर बसत बसत वर चढले. माझ्या मजल्यावर मी त्यांना पाणी दिलं. "काही विशेष?" मी विचारलं.

"आशीर्वाद द्यायला आलोय," ते म्हणाले. "'जिथे आहात तिथून द्या' असं लिहिलंय खरं. पण माझा फोन जुना आहे, त्यातून जाईल की नाही कळेना. म्हटलं हातानंच पोचता करावा."

मी त्यांच्यासोबत वर गेले. त्या घरात तेव्हा काय चाललं होतं? भाची बधिर होऊन भाजी निवडत होती आणि निवडलेली भाजी कचऱ्यात टाकत होती. धाकटी संगणकासमोर बसून आपलं फंक्शन पुसत होती. जावईबापू फोनवर होते.

"पेट्रोल पंपामागचा मोठा हॉल," ते बोलत होते. "हो, तोच, लाउडस्पीकरवाला. त्या तारखेला रिकामा आहे का? नाही, सगळ्यांनाच बोलावतोय आता. तुम्हीही या."

एवढ्यात मोठे काका दारात दिसले. त्यांना बघून जावईबापूंनी फोन खाली ठेवला.

"दादा, तू वर कशाला आलास?"

"वर्षभरात आलो नाही म्हणून नाव गेलं असं ऐकलं. म्हटलं येऊन जावं. आता मोजतोस का?"

"दादा, ते नाव मी नाही काढलं. संगणकानं..."

"हो का? मला वाटलं घरातल्या कुणी काढलं. मग हरकत नाही." मोठे काका खुर्चीत बसले आणि गुडघे चोळायला लागले.

तेवढ्यात थोरली दवाखान्यातून आली. तिच्या चपलांचा आवाज दाराशी थांबला. तिला सगळं सांगायला भाचीला दोन वाक्यं लागली. मोठा हॉल घेतोय आणि तीनशेही येतायत. थोरली चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती दवाखान्यातल्या आवाजात बोलली, ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाशी बोलतात तशी.

"बाबा, मी एकच मागितलं होतं."

"अगं, सगळ्यांना सारखं वागवलं की कुणी रागावत नाही. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"माझा एक दिवस." ती पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली. "मोठा हॉल घेतलात तर मी नोंदणी कार्यालयात जाऊन सही करून येईन. दोन साक्षीदार लागतात. त्यात तुम्ही आहात की नाही ते संगणकाला विचारून घ्या."

जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं. अशा वेळी पुढे करायला त्यांना नेहमी कुणीतरी लागतं. भाची भाजीत होती. म्हणून त्यांनी धाकटीला पुढे केलं. "सगळा घोळ हिनं घातलाय. मी भरवसा ठेवला, तर हिनं दादालाच काढलं आणि त्या शिडीवाल्याला ठेवलं."

धाकटीचं पुसणं थांबलं. तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी कीबोर्डवर पडायला लागलं. कीबोर्ड पुसून घेत मी म्हणाले, "जावईबापू, चुका दोन आहेत. एक हिची आणि एक तुमची. हिची दोन ओळींत सुटेल. म्हणून आधी ती घेऊ. आणि तू गं, पुसू नकोस. चुकलेलं असलं तरच दिसतं कुठे चुकलं. टेबलावर कप मांड बघू."

तिनं नाक पुसलं आणि कप मांडले. सहा कप, एका ओळीत.

"तिसरा कप मोठे काका," मी म्हणाले. "चौथा धाकटे काका. तुझ्या यादीत ते शेजारीशेजारीच आहेत ना? बाकीचे कुणीही असोत, ते येऊन गेलेत. आता तू फंक्शन हो. पहिल्या जागेवर बोट ठेव आणि विचारत पुढे जा."

"मी कान तुटलेला कप का?" मोठे काका म्हणाले.

"गुडघा तुटलेला कप घरात नाही," मी म्हणाले. "तुम्ही मदत करा. मधला कप काढला, की उरलेले सगळे डावीकडे सरकवायचे. यादीतून नाव काढलं की संगणक तेच करतो, मध्ये भोक ठेवत नाही."

धाकटीनं पहिल्या जागेवर बोट ठेवलं. "आले. राहू दे." दुसऱ्या जागेवर. "आले. राहू दे." तिसऱ्या जागेवर. "नाही आले." तिनं तुटक्या कानाचा कप उचलला. मोठ्या काकांनी उरलेले कप खडखडत डावीकडे सरकवले. तिचं बोट चौथ्या जागेवर गेलं. "आले. राहू दे."

"थांब," मी म्हणाले. "हा चौथ्या जागेवर कोण आहे?"

"हा... पाचवा होता. सरकला ना."

"आणि धाकटे काका?"

तिनं टेबलाकडे पाहिलं. मग बोटाकडे. मी गप्प राहिले. अशा वेळी मुलांच्या मध्ये बोलणाऱ्या माणसाला शाळेत ठेवू नये असं माझं मत आहे, आणि त्या मतामुळे माझ्या किती तरी सहकाऱ्यांशी माझं पटलं नाही.

"ते तिसऱ्या जागेवर आले," ती हळूहळू म्हणाली. "मोठे काका गेले म्हणून. पण माझं बोट चौथ्यावर गेलं होतं. त्यांना मी विचारलंच नाही." ती एकदम ताठ बसली. "म्हणजे दोन 'नाही' शेजारी आले की दुसरा सुटतो. साहेब गेले आणि त्यांची बायको राहिली. आजी, सगळीकडे असंच झालं असणार."

"जोडीनं लिहिलेले होते ना, म्हणून," भाची पहिल्यांदाच बोलली. "नवरा बाहेर, बायको आत. तरीच माझ्या मामेबहिणीचा सकाळी इतका खूश मेसेज आला."

"आता सांग," मी धाकटीला म्हणाले, "चालत्या रांगेतून माणसं न ओढता हे कसं करशील?"

तिनं एक बशी घेतली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि म्हणाली, "नवी रांग. रिकामी. ज्याचं उत्तर 'हो', तो इकडे. जुनी आहे तशीच राहू दे. तिला हातच नाही लावायचा."

"हे मी शनिवारी शिकवणार होते."

"मग शनिवारी मी काय करू?"

"शनिवारी तू इतरांना शिकव."

ती टाइप करायला बसली. रिकामी यादी, एकेक नाव, प्रश्न, 'हो' असेल तर नव्या यादीत भर, आणि शेवटी नवी यादी परत दे. पुसायची ओळ तिनं पुसली नाही. तिच्याआधी चौकडीचं चिन्ह टाकून ठेवलं, म्हणजे ती दिसेल पण चालणार नाही. ह्याचं मला जितकं बरं वाटलं तितकं तिच्या नव्या ओळींचंही वाटलं नाही.

तिनं ते चालवलं. "साहेब बाहेर. साहेबांची बायको बाहेर. मोठे काका बाहेर, धाकटे काका बाहेर. आता बरोबर आलं."

मोठे काका खुर्चीत जरा पुढे सरकले. "म्हणजे आधी मी चुकून बाहेर होतो. आता बरोबर पद्धतीनं बाहेर आहे."

"हिची चूक सुटली," मी म्हणाले. "आता जावईबापू, तुमची. अट चुकीची आहे. ज्याला जिने चढता येतात तो जवळचा, असं तुम्ही संगणकाला सांगितलंत. तो बिचारा तेच करतोय. दुसरी अट सांगा."

जावईबापूंनी घसा साफ केला. "जे बोलावलं नाही तर रागावतील, ते."

धाकटीनं बोटं कीबोर्डवर ठेवली. "रागावतील तर 'हो' की 'नाही'?"

"तर बोलवायचं."

"म्हणजे जे कधीच रागावत नाहीत त्यांना नाही बोलवायचं," थोरली म्हणाली. "माझ्या लग्नाला फक्त रागीट माणसं. मोठ्या काकांना तर आताही रागावता येत नाहीये, बघा. गेले ते."

"मग तूच सांग अट," जावईबापू म्हणाले. हे त्यांनी वैतागून म्हटलं, पण म्हटलं. सबंध महिन्याभरात हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

थोरलीला फार विचार करावा लागला नाही. "ज्याच्या शेजारी बसून मी जेवू शकते. मध्ये कुणी ओळख करून न देता."

"पण हे यादीत कुठेच लिहिलेलं नाहीये," धाकटी म्हणाली. "नवं लिहावं लागेल. प्रत्येकाचं."

"लिहू. तू नाव वाच, मी उत्तर देते."

अशा रीतीनं आमच्या भाचजावयांना आपल्या यादीतलं प्रत्येक नाव बसून ऐकावं लागलं. धाकटी वाचत होती, थोरली 'हो' किंवा 'नाही' म्हणत होती. ती 'नाही' कसं म्हणायची, ते मी लक्ष देऊन ऐकत होते. आवाज खाली नाही, वर नाही, कारण नाही, माफी नाही. प्रत्येक 'नाही'ला जावईबापू खुर्चीत किंचित दचकत होते, जणू तो माणूस दाराआड उभा राहून ऐकत होता.

"मोठे काका."

"हो. सायकल कुणी शिकवली मला?"

"धाकटे काका."

"हो."

"त्याला का?" जावईबापू म्हणाले.

"ते मला हसवतात. शिडीचं तुमचं तुम्ही बघा."

"ऑफिसातले मोठे साहेब."

"नाही."

"अगं, ते माझे साहेब आहेत."

"म्हणूनच. तुमची ओळख मध्ये लागते."

"साहेबांची बायको."

थोरलीनं आईकडे पाहिलं. सकाळचा फोन तिला भाचीनं सांगितलेला होता. "साहेबांना जेवण झाकून ठेवून येते, असं म्हणाल्या त्याच ना? हो. त्यांच्या शेजारी मला बसायचंच आहे."

"नवरा बाहेर, बायको आत," जावईबापू म्हणाले. "हे तर कालच्यासारखंच झालं."

"काल चुकून झालं होतं, बाबा," धाकटी म्हणाली. "आज विचारून झालंय."

नावं संपायला चांगलाच वेळ लागला. मध्ये दोनदा चहा झाला, दुसऱ्या वेळी कप कमी पडले कारण ते अजून यादीत उभे होते. शेवटी धाकटीनं फंक्शन चालवलं. नव्या यादीत पन्नासएक नावं आली. थोरलीनं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि लगेच वाचनालयाच्या हॉलवाल्याला निरोप पाठवला, की हॉल पक्का. वडिलांना न विचारता पाठवला. त्यांनीही असं दाखवलं, की आपण खिडकीबाहेर बघतोय.

मग ते धाकटीकडे वळले. "जुनी यादी गेली का सगळी?"

"नाही. तिला हात लावलेला नाही. सगळे आहेत तिथे."

"सगळे?"

"वॉचमनकाकासुद्धा."

त्यांना जरा बरं वाटलं असावं. त्यांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली आणि काही सुचल्यासारखं म्हणाले, "मग आता एक आणखी फंक्शन करू या. कालच ज्यांना 'अवश्य यावे' गेलंय आणि आता नव्या यादीत नाहीत, त्यांना आपोआप कळवायचं."

"ते होतं," मी म्हणाले. "नावं काढून देता येतात. दोन ओळी."

"बघा, म्हणजे झालं."

"नावं देईल ते. फोन तुम्हाला करायचे आहेत."

"मेसेज नाही चालणार?"

"मेसेजनं काय होतं ते आता चढून आलंय वर," मोठे काका म्हणाले.

थोरलीनं फोन त्यांच्यापुढे ठेवला. ती त्यांच्या शेजारी बसली. धाकटीनं खरोखरच दोन ओळींत ती नावं काढली आणि पहिलं मोठ्यानं वाचलं. ते जावईबापूंच्या ऑफिसातले एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी थोरलीला एकदाच, ती पाळण्यात असताना पाहिलं होतं.

फोन लागला. जावईबापूंनी तब्येत विचारली. हवा विचारली. त्यांच्या मुलाची बदली, मुलाच्या मुलाची शाळा, शाळेचा रस्ता, रस्त्यावरचे खड्डे, सगळं विचारून झालं. थोरली नुसती बघत बसली होती. शेवटी विचारायला काही उरलंच नाही.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "कालचा निरोप चुकून गेला. लग्न छोटं करतोय. म्हणजे... आम्ही तुम्हाला बोलावत नाही आहोत."

पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "म्हणजे त्या दिवशी दुपारी मला झोपायला मिळेल? अहो, बरं झालं. मी बायकोला काय कारण सांगायचं ह्याच विचारात होतो."

जावईबापूंनी फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. 'तुम्ही न आल्यानं कुणाचं अडत नाही' हे लोकांना सांगायला त्यांना आयुष्यभर भीती वाटत आली होती; लोकांना ते आधीच माहीत असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसरा फोन भाचीच्या माहेरच्या एका दूरच्या नातलगाला. तो तब्येतीपर्यंत पोचलाच नाही. जावईबापूंनी ह्या वेळी सरळ सांगितलं, आणि पलीकडचा माणूस खरोखर रागावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलला. जावईबापू ऐकत राहिले. त्यांनी संगणकाचं नाव एकदा ओठांवर आणलं, धाकटीकडे पाहिलं, आणि गिळून टाकलं. "नाही, निर्णय आमचा आहे," ते म्हणाले. "मुलीचा आहे आणि माझा आहे." मग फोन बंद झाला.

"रागावला तो," ते म्हणाले.

"मग?" थोरलीनं विचारलं.

"मग काही नाही. ठेवला त्यानं फोन."

ते थोडा वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले, काहीतरी फुटायला हवं होतं आणि फुटलं नाही अशा नजरेनं. भाचीनं येऊन टेबलावरचे कप गोळा करायला सुरुवात केली. मोठे काका खाली उतरायच्या विचारानं आधीच गुडघे चोळत होते.

"हं," जावईबापू धाकटीला म्हणाले. "पुढचं नाव वाच."